बिनपंख्याचा कानोसा

"आई, तुला शांतता हवीय की श्वास हवाय, ते एकदाचं ठरव," सुचित्रा म्हणाली.

फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे आमच्या मुलीचं हे वाक्य नव्या पेठेतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात सगळ्यांनी ऐकलं. मला फोन मोठ्या आवाजावरच ठेवावा लागतो. चाळीस वर्षं मी सोलापुरात लूमच्या कारखान्यांत जॉबर होतो. बिघडलेला लूम दुरुस्त करणारा तो जॉबर. कोणत्या लूमचा, आडवा धागा नेणारा, धोटा नीट पळत नाही, हे मी दारातून आवाजावर सांगायचो. त्या बदल्यात बारीक आवाज गेले. पाखरं गेली, घड्याळाची टिकटिक गेली.

"मला दोन्ही हवंय," महानंदा फोनकडे तोंड करून म्हणाली. "तुझ्या बापाच्या संसारात एक तरी मिळालं का, विचार त्यांना."

दुकानदार बसवराज हसला. "काकू, भांडू नका. दोन्ही लावून दाखवतो की. ऐका आणि ठरवा."

त्यानं टेबलावर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली. एकाला तीन पंखे होते. दुसऱ्याला एकही नव्हता. ते नुसतं ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचं जडशीळ ओझं होतं, फणीच्या दातांसारख्या पात्यांचं. मी उचलून पाहिलं. वरवंट्याएवढं वजन भरलं असतं.

आम्ही आलो होतो ते महानंदाच्या कानोशासाठी, म्हणजे श्वास ऐकणाऱ्या यंत्रासाठी, कार्ड घ्यायला.

कानोसा आता सोलापुरात घरोघरी आहे, पण दोन वर्षांपूर्वी नव्हता, म्हणून थोडं सांगतो. माणसाला दम लागतो तो एकदम लागल्यासारखा वाटतो. खरं तर कितीतरी तास आधीच छातीतल्या बारीक नळ्या आकसायला लागलेल्या असतात, आणि श्वासात एक शीळ मिसळायला लागते. ही शीळ इतकी बारीक की डॉक्टरांनी छातीला नळी लावली तरी कळत नाही. संशोधकांनी ती पकडली. माणसाचे महिनाभराचे श्वास ऐकून यंत्र त्याची छाती ओळखायला शिकतं, आणि मग प्रत्येक श्वास त्या ओळखीशी ताडून बघतं. कुठं शीळ सापडली तर घंटा वाजवतं. तेवढ्यात औषधाची वाफ घेतली, दवाखाना गाठला, की माणूस वाचतो.

सुरुवातीला हे काम फोन करायचा. श्वासाचा आवाज कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरकडे जायचा आणि उत्तर परत यायचं. मग उघडकीला आलं की विमा विकणारे लोकांचे श्वास विकत घेऊन कुणाला विमा नाकारायचा ते ठरवत होते. मोठा गदारोळ झाला आणि कायदा आला की घरातला श्वास घराबाहेर जाता कामा नये. म्हणजे जे काम मोठमोठ्या यंत्रांनी व्हायचं ते घरच्या खोक्यात व्हायला हवं. आमच्या तरुणपणी ऑफिसांतून दिसणारे टेबलाखालचे कॉम्प्युटर असे परत आले. आणि त्यांच्या पोटात हे ग्राफिक्स कार्ड. मुळात ते चित्रं काढायला केलेलं. पण त्याची करामत अशी की ते हजारो छोटी गणितं एकाच दमात करतं. ताण्यातले सगळे धागे एका झटक्यात उचलले जावेत आणि मधून धोटा निघून जावा, तसं. श्वास ओळखायला नेमकं हेच लागतं.

फक्त एक अडचण. एवढी गणितं केली की कार्ड तापतं. ते थंड ठेवायला पंखा. आणि पंख्याची सूं सूं नेमकी त्या शिळेच्याच सुरात असते.

"पंखेवालं घेतलं तर तीन तास आधी कळेल," बसवराज म्हणाला. "पंख्याचा आवाज ते वजा करून ऐकतं, पण थोडं फसतं. बिनपंख्याचं घेतलं तर सहा-सात तास आधी. मात्र उन्हाळ्यात ते मंद होतं. तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं."

"ऐकलंत ना अप्पा?" सुचित्रा फोनमधून म्हणाली. ती हैदराबादला असते, दवाखान्यांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत. "सोलापूरचा मे महिना कसा असतो, माहीत आहे ना. पंखेवालंच घ्या. तीन तास पुष्कळ झाले."

बसवराजनं पंख्याचं कार्ड चालू केलं. आधी नुसती घरघर. मग त्यानं माईकसमोर एका दमेकऱ्याचा साठवलेला श्वास वाजवला. यंत्राला संशय आला, त्यानं जास्त गणितं करायला घेतली, कार्ड तापलं आणि पंखे भरारा वर चढले.

मला तो आवाज आवडला. खरं सांगतो, तिथं उभ्या उभ्या मला वाटलं, हे बरं. हे मला ऐकू येईल. शेजारच्या खोलीत असलो तरी पंखा चढला की मी उठेन. जिवंत यंत्र आवाज करतं, हे मी चाळीस वर्षं पाहिलं होतं.

पण महानंदानं कानांवर हात ठेवले होते.

"बंद करा ते," ती म्हणाली. "अवो, माझ्या छातीत काही झालं की हे असं बोंबलणार? ते ऐकूनच माझा दम वाढायचा."

"काकू, सवय होते."

"सवयच झाली माझी." ती माझ्याकडे वळली. "तीस वर्षं तुमच्या लूमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. दिवसभर सुताच्या कांड्या भरायच्या, त्या यंत्राचा आवाज वेगळा. पोरगी झाली तेव्हा तिचं पहिलं रडणं मला ऐकू आलं नाही, पलीकडे अठरा लूम चालू होते. मी काही मागितलं का कधी? आता थोडे दिवस राहिलेत. ते शांत असू द्या."

सुचित्रा फोनवर काहीतरी म्हणत होती. मी फोन खिशात घातला. कांड्या भरता भरता महानंदाच्या छातीत जे सूत जाऊन बसलं होतं, ते माझ्याच कारखान्यातलं होतं.

"बिनपंख्याचं द्या," मी म्हणालो.

बसवराज बांधून देताना म्हणाला, "मोकळ्यावर ठेवा काका. कागद वाचा सोबतचा."

"वाचतात ते," महानंदा म्हणाली. तिच्या आवाजात जरा मिरवणं होतं.

मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो. कारखान्यात नवे लूम आले. त्यांचा बिघाड आवाजावर कळत नव्हता, पडद्यावर लिहून यायचा. कामावर राहायचं तर वाचायला हवं होतं. महानंदा शिकली नाही. "तुम्ही वाचा, मी ऐकते," म्हणायची. मग आमच्या घरात औषधाची बाटली असो, लग्नाची पत्रिका असो, की विजेचं बिल, सगळं मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचो आणि ती ऐकायची. तिच्यासाठी जे लिहिलेलं होतं ते माझ्या तोंडून यायचं. दुसरी वाट नव्हती.

डिसेंबरात कानोसा तिच्या खाटेशेजारी बसला. चालू आहे की बंद, कळतच नसे. समोर फक्त एक बारीक हिरवा दिवा आणि माईकची जाळी. महानंदा पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघत नुसती पडून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ऐकतेय."

"काय ऐकतेस?"

"काहीच नाही ते."

आमच्याकडे कुठलंही यंत्र उघडं ठेवत नाहीत. हवेत सुताचे तंतू असतात. सकाळी पुसलेल्या ताटावर दुपारी लव दिसते. टीव्ही, शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांना खोळी असतात. कारखान्यात नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, मोटार उघडी दिसली तर मुस्काटात बसेल. तंतू पंख्यात जातात, पंखा जाम होतो, मोटार जळते. तर महानंदानं दुसऱ्याच दिवशी कानोशाला खोळ शिवायला घेतली.

तिनं कपाटातून चादरींचे तुकडे काढले. एकावर मोर होता. तो बरोबर पुढच्या बाजूला येईल असा बेतला. बसवराजनं माईक झाकू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून तिथं एक गोल खिडकी कापून तिला लाल गोट लावला. थोडं शिवायची, धाप लागली की थांबायची. आठ दिवस लागले.

मी मधूनमधून म्हणायचो, "गरम होईल का गं ते?"

"पंखाच नाही त्याला. हवा लागत असती तर पंखा दिला नसता का?"

मला ते पटलं. ज्या यंत्राला पंखा असतो त्याला वारा लागतो. नसतो त्याला लागत नाही. जन्मभर मोटारींत हात घातलेल्या माणसाला ते पटलं.

कागद बारीक अक्षरांचा होता, सहा पानी. मी रोज सकाळी चहानंतर अर्धं पान वाचायचो. दहाव्या दिवशी पाचवं पान संपत आलं. खोळ आदल्या संध्याकाळी चढली होती. महानंदा खाटेवर बसून मोराच्या पिसांवरची सुरकुती काढत होती, आणि मी वाचत होतो. यंत्र ओल्या फडक्याने पुसू नये. त्याच्या खालची ओळ अशी होती: यंत्र झाकू नये. या कार्डास पंखा नसल्याने गरम हवा आपोआप वर निघून जाण्यासाठी चारी बाजूंस वीतभर मोकळी जागा आवश्यक आहे.

माझं बोट थांबलं.

"काय लिहिलंय?" महानंदानं विचारलं.

तिचा चेहरा मला अजून दिसतो. दमेकऱ्याच्या तोंडावर एक निळसर छटा असते. त्या दिवशी ती नव्हती. आठ दिवस ती आजारी बाई नव्हती, काहीतरी करणारी बाई होती.

"ओल्या फडक्यानं पुसू नका म्हणतंय," मी म्हणालो.

"ते मला पण कळतं," ती म्हणाली. "एवढं लिहायला कागद कशाला वाया घालवतात?"

थंडीचे दिवस होते. मी खोळीखाली हात घालून पाहिला, खोकं कोमटसुद्धा नव्हतं. म्हटलं, उन्हाळ्यात बघू. तेव्हा काढू.

जानेवारीत घंटा वाजली. महानंदा मजेत लसूण सोलत होती, तिला काहीच होत नव्हतं. आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. मार्चमध्ये पुन्हा तसंच. मग आमचा कानोशावर असा विश्वास बसला की मी बाहेर पडायला लागलो. सुचित्रा फोनवर म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही जिंकलात." बरं वाटलं.

आमच्या चाळीत छातीच्या दुखण्याची माणसं पुष्कळ. सरकारी योजनेत कानोसे आले तेव्हा आमचं बघून सगळ्यांनी बिनपंख्याचंच कार्ड मागून घेतलं, आणि महानंदाकडे खोळीसाठी आले. तिनं मापं घेतली. कुणाला मोर, कुणाला फुलं, कुणाला नुसत्या चौकटी. सहा खोळी शिवल्या. सगळ्यात सुंदर गोदाक्काची होती. गोदाक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण, महानंदाची तीस वर्षांची मैत्रीण. दोघी एकाच यंत्रावर कांड्या भरायच्या. तिचा नवरा इरप्पा आता खाटेवरून उठत नव्हता.

मी ती सहाही मापं टेपनं घेऊन दिली. कागदातलं बोललो नाही, आणि उन्हाळा लागला तरी आमचीही खोळ काढली नाही.

मेच्या अठरा तारखेला पारा पंचेचाळीसवर होता. दुपारी जेवून मी बर्फ आणायला गेलो. महानंदाला बर्फाचं पाणी हवं होतं. "बडीशेप घाला त्यात," एवढं म्हणाली. बर्फाच्या दुकानापुढे ही रांग. तासाभरानं आलो, तर ती खाटेवरून खाली पडलेली होती, एक हात कानोशाकडे. तोंडावर वाफेचा मुखवटा अर्धा चढलेला. घंटा वाजली नव्हती. मी तिला हलवत होतो तेव्हा वाजली. ती गेल्यावर वाजली.

मी खोळीला हात लावला. तव्यासारखी तापली होती. खाली हिरव्याच्या जागी पिवळा दिवा जळत होता. खोळीला माईकपुरती खिडकी होती, दिव्यापुरती नव्हती.

मी खोळ ओढून काढली. लोक जमायच्या आत तिची घडी करून पेटीत, माझ्या धोतरांच्या खाली ठेवली. बायको जमिनीवर पडलेली असताना मी हे केलं.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या तंत्रज्ञ बाई आल्या, नाझनीन मॅडम. मरण झालं की कानोशातली नोंद बघायचा नियम आहे. सुचित्रा त्यांच्या शेजारी बसली. दोघी पडद्यावर बघत होत्या.

"अकरानंतर कार्ड खूप तापलंय," नाझनीन मॅडम म्हणाल्या. "ते मंद होत गेलं. नेहमी प्रत्येक श्वास तपासतं. इथं चारातला एक. इथं दहातला. दोन वाजता चाळीस श्वासांतला एक." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बिनपंख्याचं कार्ड उन्हाळ्यात मंद होतंच, पण इतकं? फार तर दोनातला एक व्हायला हवं होतं. काका, खोली बंद होती का?"

"खिडकी लावली होती. झळा येत होत्या."

"पिवळा दिवा नाही दिसला?"

"मी घरात नव्हतो."

त्यांनी लिहून घेतलं. गेल्या. सुचित्रा पडद्यापुढून उठली नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पंखेवालं घ्या म्हणून दुकानात सांगितलं होतं. तुम्ही फोन खिशात घातलात."

"हो."

"आईचं सोडा, तिला काय कळत होतं? तुम्ही चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलीत अप्पा. तुम्ही निवडलंत."

"मीच निवडलं."

मला हायसं वाटलं. असल्या वेळी असं वाटावं याची लाज वाटते, पण वाटलं. दोष कार्डाच्या निवडीवर गेला होता. खोळीचं नाव निघालं नव्हतं. स्वतःच्या हातानं शिवलेल्या खोळीनं महानंदाचा श्वास कोंडला, हे कुणी म्हणणार नव्हतं. मी मनाशी म्हणालो, तिचं नाव राहिलं.

माझ्याही छातीत सूत आहे. जाण्यापूर्वी सुचित्रानं कानोशात पंख्याचं कार्ड बसवलं आणि माझा श्वास ओळखायला लावला. जाताना पाया पडली नाही.

दहावं झालं आणि मग मला उरलेल्या सहा खोळी आठवल्या. आठवल्या म्हणजे काय, त्या रोज दिसतच होत्या. दारावरून गेलं की आत मोर दिसायचा.

मी घरोघर गेलो. काय सांगायचं ते ठरवलं होतं. "महानंदाच्या हातचं काही उरलं नाही माझ्याकडे," मी म्हणायचो. "आठवण म्हणून ती खोळ परत द्या."

लोकांनी दिल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. चाळीतल्या शेवंतानं घडी करून हातात ठेवली आणि मी पायरी उतरतोय तोवर तिच्या सासूचा आवाज आला, मोठा होता म्हणून मला ऐकू आला, "बायकोनं दिलेलं परत मागायला येतंय म्हातारं! ती असती तर लाजली असती." एका घरी तर मला चहा विचारला नाही. आमच्या चाळीत तो शेवटचा अपमान.

पाच खोळी मिळाल्या. गोदाक्कानं दिली नाही.

"नाही देणार," ती म्हणाली. "तुमची बायको होती, माझीही कुणीतरी होती. पेटीभर लुगडी आहेत तिची, घ्या की त्यातलं एक आठवणीला."

आत इरप्पा डोळे मिटून पडला होता. त्याच्या उशाशी मोठ्या पाकळ्यांची ती खोळ. त्या दिवशीही त्रेचाळीस होतं.

"गोदाक्का, द्या ती."

"का पण?"

"द्या म्हणतो ना."

"भाऊजी, महानंदा गेल्यावर तुम्ही असं वागायला लागलात, लोक काय काय बोलतात माहीत आहे का? मी त्यांच्याशी भांडते तुमच्यासाठी. आता मला तरी खरं सांगा."

मी आत गेलो आणि तिचा हात धरून खोळीवर ठेवला. तिनं चटकन मागं घेतला. मग मी खोळ वर केली. पिवळा दिवा जळत होता.

"असंच झालं होतं," मी म्हणालो. "महानंदाचं. कागदावर लिहिलंय, झाकू नये."

गोदाक्कानं एका हिसक्यानं खोळ ओढली. माईकच्या खिडकीचा गोट उसवला. तिनं पुठ्ठा घेतला आणि खोक्याला वारा घालायला लागली, लहान मुलाला घालावा तसा. बराच वेळ घालत होती. दिवा हिरवा झाला तेव्हा थांबली.

"कागद तुम्ही कधी वाचला?"

मी खाली पडलेली खोळ उचलून तिची घडी घालायला लागलो.

"माझ्या घरी टेप घेऊन माप घ्यायला आलात, तेव्हा वाचला होता?"

"हो."

ती खाली बसली. "पाच घरं फिरलात. त्यांना सांगितलं का हे?"

"खोळी काढल्या ना मी."

"शेवंताकडे जाऊन बघा. तुम्ही खोळ नेलीत, तिनं टॉवेल टाकलाय. तंतू बसतात म्हणून. खोळ नेऊन काय होतंय? कारण नको का सांगायला?"

"तिचं नाव खराब होईल, गोदाक्का. लोक म्हणतील तिच्या हातानं..."

"तिला वाचता येत होतं?"

"नव्हतं."

"मग नाव कुणाचं राखताय?" गोदाक्का म्हणाली. इरप्पानं डोळे उघडले होते. तो माझ्याकडे बघत होता. बोलायला त्याच्यात दम नव्हता.

मी घरी जाऊन तो कागद काढला. पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली. शेवंताच्या कानोशावर खरंच टॉवेल होता, आमच्याच कारखान्यातला, निळ्या काठाचा. मी उंबऱ्यात उभा राहिलो, पाचवं पान उघडलं आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. यंत्र झाकू नये. पुढची ओळही वाचली, चारी बाजूंच्या मोकळ्या जागेची. शेवंतानं धावत जाऊन टॉवेल काढला. तिची सासू मात्र तिथंच उभी राहिली.

"महानंदाच्या यंत्रावरही होती की खोळ," ती म्हणाली.

"होती."

"मग हे तिला वाचून नाही दाखवलंत?"

"नाही."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला आणि दार लोटलं. पाचही घरी तोच प्रश्न आला. शब्द वेगळे, प्रश्न तोच. तिसऱ्या घरी मला वाटलं, आता विचारायच्या आधीच सांगून टाकावं. पण जीभ वळली नाही. विचारलं की सांगायचो.

कागद शेवटी मी गोदाक्काच्या दारावर चिकटवला. तिनंच सांगितलं तसं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती हात धरून कागद दाखवते आणि पाठ झालेली ओळ म्हणते. इरप्पा अजून आहे. मी रविवारी ब्रश घेऊन सगळ्यांच्या कानोशांच्या पात्यांतले तंतू काढतो. लोक दार उघडतात, मी काम करतो, लोक दार लावतात.

जूनच्या अखेरीला एका दुपारी सुचित्राचा फोन आला. मी कानोशाला पाठ करून खुर्चीत बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"गोदामावशी बोलली माझ्याशी," ती म्हणाली. "अप्पा, मला एकच सांगा. तुम्ही ती ओळ वाचलीत तेव्हा आई तिथं होती?"

"समोर होती. खाटेवर."

"तिनं विचारलं होतं? काय लिहिलंय म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग काय सांगितलंत?"

मला खोटं सुचलं होतं. चांगलं होतं, तिनं मानलंही असतं.

"ओल्या फडक्यानं पुसू नका, असं सांगितलं."

त्यानंतर पलीकडून काही आलं नाही. ती रडत असेल, किंवा नुसती बसली असेल. बारीक आवाज मला कळत नाहीत. मी फोन कानाला लावला, मग दूर धरला, मग पुन्हा लावला. "सुचित्रा," म्हणालो. "सुचू." शेवटी पडदा डोळ्यांजवळ आणून पाहिला. कॉल संपला, असं लिहिलं होतं. कधी संपला ते कळलं नाही.

माझ्या मागं कानोशाचा पंखा वर चढायला लागला होता. त्याला माझ्या श्वासात काहीतरी सापडलं होतं. तो आणखी चढला, मग आणखी, सगळी खोली भरून गेली. तो मला स्वच्छ ऐकू येत होता. वाफेचा मुखवटा समोरच्या खुंटीवर होता. मी लगेच उठलो नाही.